मापाने करून घेतलेलं फर्निचर सदोष निघालं, तर पैसे परत कसे मिळवायचे

किचन ट्रॉल्या, भिंतीतलं कपाट, हायड्रॉलिक पलंग, सोफा. घराच्या मापाने करून घेतलेल्या वस्तूची दारं सहा महिन्यांत वाकली किंवा सिंकखालचा प्लाय फुगला, की दुकानदाराचं उत्तर ठरलेलं असतं: "तुमच्या मापाचा माल आहे, दुसऱ्या कोणाला विकणार? परत घेता येत नाही." हे ऐकून बरेच जण गप्प बसतात. तसं बसायचं कारण नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये मापाने केलेल्या मालाला अशी सूट कुठेही दिलेली नाही. उलट कलम २(४७) प्रमाणे सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत लिहिलेली असेल तर त्या मुदतीत, नसेल तर ३० दिवसांत माल परत घेतला पाहिजे. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' हा बिलाखालचा शिक्का सदोष मालापुढे टिकत नाही.

मात्र 'काम चांगलं केलं नाही' एवढ्यावर पैसे मिळत नाहीत. काय ठरलं होतं आणि घरात काय आलं, यातला फरक मोजून दाखवता आला तरच मिळतात. म्हणून खाली कायद्याइतकाच भर मोजपट्टीवर आहे.

१. दोष आहे की नापसंती, हे आधी ठरवा

रंग खोलीत गडद वाटतो, हँडल आता आवडत नाही, कपाट खोलीत मोठं दिसतं: ही नापसंती. त्यासाठी पैसे परत मागता येत नाहीत, आणि इथे दुकानदाराचा 'तुमच्या मापाचा माल' हा मुद्दा बरोबरच आहे. तुम्ही सही केलेल्या ड्रॉइंगमध्येच माप चुकलेलं असेल तर तेही तुमच्या गळ्यात पडतं. म्हणून ड्रॉइंगवर सही करण्यापूर्वी प्रत्येक आकडा स्वतः टेपने पडताळायचा.

दोष म्हणजे ठरलेल्या दर्जात, प्रकारात, जाडीत किंवा टिकाऊपणात असलेली कमतरता. उदाहरणार्थ, बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यातही टिकणारा) प्लाय लिहून एमआर (फक्त ओलाव्याला टिकणारा) किंवा पार्टिकल बोर्ड वापरणं, १८ मिलिमीटर सांगून १६ लावणं, सनमायका सुटणं, लाकडाला कीड असणं. बसवण्यातली चूक, जसं की ट्रॉली अडकणं, कपाट गुण्यात (काटकोनात) नसणं किंवा काम अर्धवट सोडणं, ही सेवेतली त्रुटी. तक्रारीत दोन्ही शब्द वापरा. मापाने केलेल्या फर्निचरमध्ये माल आणि सेवा दोन्ही असतात आणि समोरचा त्याच फटीतून निसटायला बघतो.

आणखी एक गाळणी: वस्तू घरासाठी असावी. कंपनीने ऑफिससाठी घेतलेलं फर्निचर 'व्यावसायिक हेतू' म्हणून बाहेर पडू शकतं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी एकट्याने चालवलेलं छोटं दुकान किंवा दवाखाना असेल, तर कायद्यात अपवाद आहे, पण तक्रारीत तसं स्पष्ट लिहावं लागतं.

२. नेमकं भांडायचं कोणाशी?

तीन प्रकार असतात आणि प्रत्येकात सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची तो) वेगळा.

मटेरियलसह ठेका: सुतार, इंटिरियरवाला किंवा मॉड्युलर कंपनी, सगळं त्यांचंच. प्लाय खराब निघाला तरी जबाबदार तेच. "प्लाय कंपनीकडे जा" असं म्हणून ते हात झटकू शकत नाहीत.

फक्त मजुरी: प्लाय, सनमायका, बिजागऱ्या तुम्ही आणल्या आणि मिस्त्रीने चौरस फुटावर काम केलं. इथे प्लायचे पदर सुटले तर प्लायचं दुकान आणि उत्पादक, जोडणी चुकली तर मिस्त्री. नक्की सांगता येत नसेल तर सगळ्यांना सामनेवाले करा. एकालाच केलं तर तो गैरहजर असलेल्याकडे बोट दाखवतो.

फ्रँचायझी किंवा ऑनलाइन ऑर्डर: शोरूम एकाचं, ब्रँड दुसऱ्याचा, पैसे तिसऱ्याच्या खात्यात. इथेही सगळ्यांची नावं घाला. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे ऑनलाइन कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. त्यामुळे तिथली तक्रार पहिल्याच दिवशी टाका.

पाटीवरचं नाव हे बहुतेक वेळा कायदेशीर नाव नसतं. बिलावरचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकला की व्यवसायाचं कायदेशीर नाव आणि तो एकट्याच्या मालकीचा आहे, भागीदारी आहे की कंपनी, हे दिसतं. मालक एकटाच असेल तर 'अमुक फर्निचर तर्फे मालक श्री. अमुक' असं लिहायचं. हे चुकलं तर पुढे आदेश हातात असतो आणि वसुली कोणाकडून करायची हेच कळत नाही.

पक्कं बिल नसेल तर? 'जीएसटी वाचवू' म्हणून कच्च्या चिठ्ठीवर काम केलेले लोक इथे घाबरतात. फर्निचरवर साधारण १८ टक्के कर असल्यामुळे हा मोह मोठा असतो. पण बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथाच आहे. यूपीआयच्या नोंदी, बँक स्टेटमेंट, व्हॉट्सॲपवरचं कोटेशन आणि कामाचे फोटो यांवरून व्यवहार सिद्ध करता येतो. फक्त सगळी रक्कम रोखीत दिली असेल आणि कागद काहीच नसेल, तर केस खरोखर अवघड आहे. अशा वेळी "तुम्हाला आतापर्यंत एकूण १,८०,००० दिले, बरोबर ना?" असा साधा मेसेज तक्रार सुरू करण्याआधी पाठवा. भांडणाआधी लोक 'हो' म्हणून उत्तर देतात.

३. दोष मोजा, फोटो काढा, नमुना जपा

लागणारं साहित्य: स्टीलची टेप, व्हर्निअर कॅलिपर, दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियम पट्टी किंवा ताणलेला दोरा, टॉर्च, स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा, झिप लॉकच्या पिशव्या आणि मार्कर. जमल्यास दोन सुयांचा मॉइश्चर मीटर.

आधी काहीही दुरुस्त करून घेऊ नका. दुसऱ्या सुताराने हात लावला की 'त्यानेच बिघडवलं' हा बचाव तयार होतो.

प्लायची जात ओळखणं. सनमायकाखाली काय आहे ते झाकलेलं असतं, पण उघडी कड कुठेतरी सापडतेच: कपाटाची मागची बाजू, तळाचं स्कर्टिंग, वायरीसाठी पाडलेलं भोक, बिजागरीचा ३५ मिलिमीटरचा खड्डा (बिजागरीचे स्क्रू काढून बघा). पदर आडवे-उभे आलटून पालटून दिसले तर प्लाय. भुग्याचे दाणे दाबल्यासारखे दिसले तर पार्टिकल बोर्ड. एकसारखा तपकिरी, पदर नसलेला पुठ्ठ्यासारखा भाग दिसला तर एमडीएफ किंवा त्याच जातीचा बोर्ड. कोटेशनमध्ये 'प्लाय' आणि आत पार्टिकल बोर्ड, यापेक्षा बळकट केस नाही.

जाडी. कॅलिपरने मोजताना दोन्ही बाजूंच्या सनमायकाची जाडी वजा करायला विसरू नका. बाहेरून साधारण १ आणि आतून ०.७ ते ०.८ मिलिमीटर असतो. सहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड प्लायला भारतीय मानकात पाच टक्के कमी-जास्त चालतं. म्हणजे १८ मिलिमीटरचा प्लाय १७.१ पर्यंत मान्य. १६ भरला तर तो १८ चा नाहीच. चार-पाच ठिकाणी मोजा आणि कॅलिपरचा आकडा दिसेल असा फोटो घ्या.

दर्जा. एमआर आणि बीडब्ल्यूआर या जाती आयएस ३०३ मध्ये येतात, मरीन प्लाय आयएस ७१० मध्ये. फरक आहे तो मुख्यतः गोंदाचा. प्रयोगशाळेत एमआरचा तुकडा ६० अंशांच्या पाण्यात तीन तास ठेवतात, बीडब्ल्यूआर आठ तास उकळतात आणि मरीन ७२ तास. काम सुरू असतानाच कोऱ्या प्लायवरच्या शिक्क्याचे फोटो घेतले असतील तर त्यावरचा सीएम/एल क्रमांक (उत्पादकाचा परवाना क्रमांक) भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. परवाना दुसऱ्याच कंपनीचा निघतो किंवा संपलेला असतो, असंही होतं. उरलेला तुकडा घरात असेल तर फेकू नका, त्यावर तारीख टाकून ठेवा. घरी पातेल्यात उकळून बघितलं तर तुमची खात्री पटेल, पण ग्राहक आयोगासमोर (जिथे शेवटी तक्रार चालते) त्याला फारसं वजन नाही. त्यासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल लागतो. म्हणून सगळा तुकडा उकळून संपवू नका. अर्धा जपा.

वाकलेली दारं. सरळ पट्टी दाराला उभी लावा आणि मधली फट मिलिमीटरमध्ये मोजा. सात फुटांहून उंच एकसंध दार १८ मिलिमीटरच्या प्लायमध्ये केलं आणि आतून स्ट्रेटनर (दार सरळ ठेवणारी धातूची पट्टी) लावला नाही, किंवा बाहेरून १ मिलिमीटरचा सनमायका लावून आतली बाजू नुसती रंगवली, तर ते वाकणारच. दोन्ही बाजूंवरचा ताण सारखा राहत नाही. ही करणाऱ्याची चूक आहे, हवेची नाही. चौकट गुण्यात आहे का ते बघायला दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे नसतील तर दारं कधीच नीट बसणार नाहीत, बिजागरीचे स्क्रू कितीही फिरवा.

फुगणं आणि बुरशी. इथे समोरचा हमखास म्हणतो, "तुमच्या भिंतीलाच ओल आहे." हा बचाव खराही असू शकतो, त्यामुळे स्वतःला फसवू नका. कपाटामागे बाथरूमची भिंत असेल आणि ती गळत असेल तर दावा कमकुवत आहे. कपाटाच्या बाजूची मोकळी भिंत, फुगलेला भाग आणि न फुगलेला भाग, तिन्ही ठिकाणी मॉइश्चर मीटरचे आकडे घ्या. हे मीटर भरीव लाकडासाठी जुळवलेले असतात, म्हणून प्लायवर आकड्यापेक्षा आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. भिंत कोरडी आणि फक्त सिंकखालचा बोर्ड फुगलेला असेल, तर प्रश्न बोर्डाच्या जातीचा आहे.

कीड. दोन प्रकार वेगळे ओळखा, कारण जबाबदारी वेगळी पडते. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं आणि खाली टाल्कम पावडरसारखा बारीक भुसा असेल तर तो भुंगा. याची अंडी बहुधा लाकूड घरात येण्याआधीच त्यात असतात, म्हणून दोष फर्निचर करणाऱ्याकडे किंवा प्लायवाल्याकडे जातो. मातीच्या बारीक नळ्या भिंतीवरून चढताना दिसल्या तर ती वाळवी, आणि ती बहुतेक वेळा इमारतीतून येते. वाळवीरोधक माल देण्याचं लेखी वचन नसेल तर वाळवीसाठी सुताराला पकडणं कठीण. भुंग्याचा भुसा पिशवीत भरा आणि जागा पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा पडलेल्या भुशाचा फोटो घ्या. कीड जिवंत आहे हे त्यावरून दाखवता येतं.

सोफ्याचा फोम. कोटेशनमध्ये '४० डेन्सिटी' लिहिलेलं असतं आणि चार महिन्यांत खड्डा पडतो. गादीच्या चेनमधून आतल्या फोमचा १० सेंटिमीटर लांब, रुंद, उंच असा ठोकळा कापा आणि वजन करा. ४० डेन्सिटीचा ठोकळा सुमारे ४० ग्रॅम भरतो, ३२ चा ३२ ग्रॅम. चोवीस ग्रॅम भरला तर पुढे वाद राहत नाही. ठोकळा कापताना आणि वजन करताना सलग व्हिडिओ घ्या.

फोटोंचा क्रम ठेवा: आधी पूर्ण वस्तू, मग भाग, मग जवळून दोष आणि त्याच्याशेजारी टेप. मूळ फाइल फोनमध्ये राहू द्या, फक्त व्हॉट्सॲपवर गेलेली प्रत पुरेशी नाही.

४. लेखी कळवा आणि दुरुस्तीची एक संधी द्या

फोनवर भांडून काहीच हाती लागत नाही. ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर, शक्यतो दोन्हीकडे, असा मजकूर पाठवा:

"ऑर्डर दिनांक … प्रमाणे बसवलेल्या कपाटात खालील दोष आढळले: (१) तीन दारांना अनुक्रमे ९, १२ व ७ मि.मी. वाक. (२) कोटेशनमध्ये १८ मि.मी. बीडब्ल्यूआर प्लाय, प्रत्यक्षात मागच्या भागात पार्टिकल बोर्ड. फोटो सोबत. कृपया ७ दिवसांत पाहणी करून १५ दिवसांत दोष दूर करावेत, अन्यथा कपाटाची किंमत रु. … परत करावी."

दुरुस्तीची संधी द्या असं सांगण्याचं कारण व्यवहारी आहे. आयोगात पहिला प्रश्न हाच येतो की सामनेवाल्याला कळवलं होतं का आणि त्याने काय केलं. पण संधी एक किंवा फार तर दोन. दर महिन्याला माणूस येऊन बिजागरी फिरवून जातो, ग्राहक आशेवर राहतो आणि दोन वर्षं निघून जातात. कलम ६९ प्रमाणे तक्रार दाखल करायची मुदत, कारण घडल्यापासून दोन वर्षं आहे. नुसत्या मेसेजांची देवाणघेवाण चालू राहिल्याने ती आपोआप वाढत नाही. उशीर माफ होऊ शकतो, पण सबळ कारण द्यावं लागतं.

दुरुस्तीला आलेला माणूस कागदावर सही मागतो. 'काम समाधानकारक पूर्ण' असं छापलेलं असेल तर त्याखाली हाताने लिहा: 'दार क्र. २ व ३ चा वाक कायम, हरकत राखून सही.' डिलिव्हरीच्या चलनावरही हेच. माल बांधलेला असताना 'सुस्थितीत मिळाला' यावर सही करू नका, 'तपासणी बाकी' असं लिहा.

५. थकलेली रक्कम आणि हप्ते

शेवटचे पाच-दहा टक्के अजून तुमच्याकडे असतील तर तेच तुमचं सगळ्यात मोठं बळ आहे. ते का रोखले आहेत हे लेखी कळवा, नाहीतर समोरचा 'ग्राहकानेच पैसे बुडवले' अशी गोष्ट उभी करतो. रक्कम दोषाच्या मानाने रोखा. पाच हजारांच्या बिजागऱ्यांसाठी दीड लाख अडवलेले आयोगालाही रुचत नाहीत.

शोरूममध्ये 'नो कॉस्ट ईएमआय' घेतला असेल तर सापळा लक्षात घ्या. ते कर्ज बँकेचं किंवा वित्त कंपनीचं असतं आणि दुकानदाराला पैसे केव्हाच मिळालेले असतात. रागाने हप्ते थांबवले तर दुकानदाराला काही फरक पडत नाही, तुमचा सिबिल स्कोअर मात्र पडतो. हप्ते भरत राहा, वाद असल्याचं कर्ज देणाऱ्याला लेखी कळवा आणि भरलेलं व्याज भरपाईत मागा. क्रेडिट कार्डाने भरलं असेल तर चार्जबॅकसाठी (वादातला व्यवहार बँकेकडून उलटवून घेण्यासाठी) लगेच बँकेशी बोला. त्याची मुदत दिवसांत मोजली जाते.

६. १९१५ वर तक्रार

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक निःशुल्क आहे आणि मराठीतून बोलता येतं. तक्रार नोंदली की डॉकेट क्रमांक मिळतो आणि ती कंपनीकडे पाठवली जाते. मोठे ब्रँड इथेच बऱ्यापैकी हलतात. गल्लीतल्या सुताराच्या बाबतीत फार अपेक्षा ठेवू नका, कारण हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही. तिथे तक्रार पडून आहे म्हणून दोन वर्षांचं घड्याळही थांबत नाही. मुंबई ग्राहक पंचायत आणि अखिल भारतीय ग्राहक पंचायत यांच्याकडे मसुदा कसा लिहावा याचं मार्गदर्शन मिळू शकतं.

पोलिसांकडे जाऊ का, असं बरेच जण विचारतात. ॲडव्हान्स घेऊन माणूस गायब झाला असेल तर जरूर जा. माल दिला आणि तो खराब निघाला, एवढ्यावर पोलीस 'दिवाणी बाब आहे' असं सांगून परत पाठवतात, आणि ते बहुतेक वेळा बरोबर असतं.

७. नोटीस

कायद्याने वकिलाची नोटीस सक्तीची नाही. तरी पाठवा, अनेक प्रकरणं इथेच मिटतात. स्वतः लिहिली तरी चालते. तारखांचा क्रम, दोषांची यादी, मागितलेली रक्कम आणि १५ दिवसांची मुदत, एवढं दोन पानांत बसतं. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती ठेवा आणि पोच झाल्याचा ट्रॅकिंगचा छापील पुरावा काढून ठेवा. काही दिवसांनी ती नोंद ऑनलाइन दिसत नाही, म्हणून लगेच. शिवीगाळ, 'तुम्हाला बघून घेतो', समाजमाध्यमांवर बदनामीची धमकी यांतलं काहीही नको. तुमची नोटीस उद्या आयोगापुढे वाचली जाणार आहे.

८. जिल्हा आयोगात तक्रार दाखल करणं

दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. मागितलेली भरपाई कितीही असो, मोजली जाते ती मालासाठी प्रत्यक्ष दिलेली किंमत. शुल्कही त्यावरच: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. तुम्ही राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता त्या जिल्ह्यात दाखल करता येते. बंगळूरूच्या कंपनीविरुद्ध सांगलीत तक्रार चालते. बिलावर 'न्यायक्षेत्र फक्त बंगळूरू' छापलं असलं तरी घाबरू नका. वकील सक्तीचा नाही.

दाखल करण्यासाठी ई-जागृती हे पोर्टल आहे. मोबाइल आणि ईमेलवर खातं उघडून तक्रार व कागद पीडीएफमध्ये चढवायचे. छाननीत त्रुटी निघाल्या तर त्या पोर्टलवरच दिसतात, म्हणून दाखल केल्यावर दर दोन-तीन दिवसांनी खातं उघडून बघा. त्रुटी न काढल्यामुळे महिनोन्महिने पडून राहिलेल्या तक्रारी पुष्कळ. छापील संच लागतो का आणि किती प्रती, हे त्या जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून घ्या.

कागद असे लावा:

• अनुक्रमणिका आणि तारखांचा तक्ता
• पक्षकारांची नावं-पत्ते, तक्रार अर्ज, त्याच्या पुष्ट्यर्थ शपथपत्र
• कोटेशन, सही केलेलं ड्रॉइंग, ऑर्डर, बिल किंवा चिठ्ठी
• पैसे दिल्याच्या नोंदी (स्टेटमेंटवर त्या ओळी खुणा करून)
• वॉरंटी कार्ड, प्लाय व हार्डवेअरची बिलं
• मोजमापाचा तक्ता आणि फोटो
• मेसेज, ईमेल, हेल्पलाइनचा डॉकेट क्रमांक, नोटीस आणि पोच
• तज्ज्ञाचा अहवाल, असल्यास
• आधार किंवा पत्त्याचा पुरावा

व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट आणि डिजिटल फोटो लावताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडा. पूर्वी ज्याला ६५ब म्हणत, तेच. ते नसेल तर समोरचा वकील पहिली हरकत तिथे घेतो. चॅट निवडक कापू नका, 'एक्स्पोर्ट चॅट' करून सलग छापा.

मागणी लिहिताना वस्तूवार हिशोब करा. समजा एकूण काम ६,१०,००० चं, त्यात किचन ३,४०,०००, कपाट १,९०,००० आणि पलंग ८०,०००. सदोष फक्त कपाट असेल तर १,९०,००० आणि त्यावर पैसे दिल्याच्या तारखेपासून व्याज, कपाट काढून नेण्याचा खर्च, भिंतीची डागडुजी, तज्ज्ञाची फी, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च मागा. सगळेच्या सगळे ६,१०,००० मागणं हा नवख्यांचा नेहमीचा हट्ट. त्याने खरी मागणीही पातळ होते. कोटेशन वस्तूवार नसेल तर चौरस फुटांवरून भाग पाडा आणि तो हिशोब जोडा. शेवटी पर्यायी मागणी घाला: 'रक्कम परत देणे शक्य नसल्यास ठरलेल्या दर्जाचे नवे कपाट बसवून द्यावे.' वर्षभर वापरलेल्या वस्तूत आयोग वापरापोटी काही रक्कम वजा करू शकतो, याचीही तयारी ठेवा. व्याज साधारण सहा ते नऊ टक्क्यांच्या घरात मिळतं. चोवीस टक्के मागितल्याने चोवीस मिळत नाहीत.

९. दाखल झाल्यानंतर

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारणपणे २१ दिवसांत ठरायला हवं. नोटीस मिळाल्यापासून सामनेवाल्याला लेखी म्हणणं द्यायला ३० दिवस, आणि फार तर आणखी १५. या ४५ दिवसांपलीकडे आयोग मुदत वाढवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे सामनेवाल्याला नोटीस कोणत्या तारखेला मिळाली ते टिपून ठेवा आणि ४६ व्या दिवशी म्हणणं आलं तर हरकत घ्या. पुढे शपथपत्रावर पुरावा, मग लेखी युक्तिवाद. कायद्यात निकालाची मुदत तीन महिने, आणि मालाची तपासणी लागली तर पाच. प्रत्यक्षात वर्ष-दीड वर्ष किंवा त्याहून अधिक धरून चाला. व्हिडिओवरून सुनावणीची विनंती करता येते.

तज्ज्ञाचा प्रश्न लवकर सोडवा. दोष उघड्या डोळ्यांना दिसत नसेल तर कलम ३८ प्रमाणे नमुना प्रयोगशाळेत पाठवता येतो, अहवालासाठी ४५ दिवस ठरलेले आहेत आणि तपासणीचा खर्च आधी तक्रारदाराला भरावा लागतो. किंवा जागेवर पाहणीसाठी कमिशनर (आयोगाने नेमलेला, पाहून अहवाल देणारा माणूस) नेमण्याचा अर्ज द्या. भिंतीत बसवलेलं कपाट आयोगात नेता येत नाही, त्यामुळे बहुतेक ठिकाणी हाच मार्ग सोयीचा. खाजगी अहवाल घेणार असाल तर आर्किटेक्ट किंवा अभियंत्याकडून घ्या आणि त्याचं शपथपत्र जोडा. शेजारच्या सुताराने लेटरहेडवर लिहून दिलेल्या चार ओळी फारशा उपयोगी पडत नाहीत, तो सामनेवाल्याचा स्पर्धक ठरतो.

दरम्यान वस्तू वापरली तर चालते का? किचनशिवाय घर चालत नाही हे आयोगालाही कळतं. वापरा, पण मोडून भंगारात देऊ नका. पैसे परत द्यायचा आदेश झाला की वस्तू परत द्यावी लागते. दार अंगावर पडण्यासारखं धोकादायक झालं असेल तर समोरच्याला लेखी कळवून, सगळं चित्रित करून ते उतरवा आणि जपून ठेवा.

तडजोडीचा प्रस्ताव बहुधा पहिल्या-दुसऱ्या तारखेला येतो. आयोग मध्यस्थीकडेही पाठवू शकतो. साठ-सत्तर टक्के रक्कम लगेच मिळत असेल तर विचार करा, कारण वाट बघण्यालाही किंमत आहे. मात्र 'पैसे देतो, आधी तक्रार मागे घ्या' याला कधीही हो म्हणू नका. अटी लेखी, दोघांच्या सहीने आयोगात दाखल, आणि रक्कम खात्यात जमा झाल्यावरच तक्रार निकाली काढण्याची पुरसिस (आयोगाला दिलेलं लेखी निवेदन). पुढच्या तारखेचा चेक घेतला आणि तो वटला नाही, तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत मागणीची नोटीस गेली पाहिजे, नाहीतर चेकची वेगळी केस करण्याचा हक्क जातो.

१०. आदेश मिळाला, पैसे नाहीत

आदेशाची प्रमाणित प्रत घ्या आणि सामनेवाल्याला स्वतः एक प्रत पाठवा. त्याला राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात आणि त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरावी लागते. छोटे ठेकेदार या अटीमुळेच अपिलात न जाता पैसे देऊन मोकळे होतात.

मुदतीत पैसे आले नाहीत तर दरखास्त (आदेशाची अंमलबजावणी मागणारा अर्ज) दाखल करायची. कलम ७१ मध्ये दिवाणी हुकूमनाम्यासारखी वसुली होते, त्यासाठी सामनेवाल्याचं बँक खातं, दुकानाची जागा, वाहन यांची माहिती तुम्हालाच द्यावी लागते. तुम्ही ज्या खात्यात ॲडव्हान्स भरला होता तो खाते क्रमांक इथे कामाला येतो. कलम ७२ मध्ये आदेश न पाळल्याबद्दल एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दोन्ही अर्ज वेगवेगळे करता येतात आणि पैसे लवकर सुटतात ते बहुधा ७२ च्या अर्जात वॉरंट निघाल्यावर.

रक्कम जमा झाली की वस्तू नेण्यासाठी लेखी तारीख द्या. नेताना पाण्याचा नळ आणि वीज बंद करून द्या, भिंतीचे आधी-नंतरचे फोटो घ्या, आणि नेणाऱ्याकडून 'कपाट एक नग, पाच दारांसह, मिळाले' अशी सही घ्या. आदेशात डागडुजीची रक्कम नसेल आणि काढताना टाइल्स फुटल्या, तर त्याच पावतीवर तसं लिहून घ्या.